चैत्रातला पूर

अहमदपूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. गीतांजली हिस मोठ्या आत्याचे आशीर्वाद.

दोन्ही पुस्तकं आज एस.टी.च्या पार्सलनं परत धाडली. उद्या दुपारपर्यंत नांदेडच्या स्टँडवरून उचलून घे.

‘पहाऱ्यावरचा चंद्र’ तू “आत्या, एका बैठकीत संपेल” म्हणून पाठवलंस. खरंच संपलं. सत्तराव्या पानावर. त्यापुढची एकशेनव्वद पानं लेखक उगंच चालत राहिलाय. खून कुणी केला ते मला चाळिसाव्या पानावर कळलं, इन्स्पेक्टरला दोनशे तिसाव्या. असा इन्स्पेक्टर माझ्या चौथीच्या वर्गात आला असता तर मी त्याला हाताला धरून पहिलीत नेऊन बसवलं असतं.

त्याचा राग तरी तासाभरात गेला. ‘लाल मातीची लेक’चा अजून गेलेला नाही. लातूर जिल्ह्यातलं गाव म्हणे, आणि माती लाल! अगं, आपल्या रानात पावसाळ्यात चप्पल अडकली तर चप्पल तिथंच सोडून घरी यावं लागतं, एवढी काळी आणि चिकट माती. त्या लेखकानं लातूर रेल्वेच्या खिडकीतून तरी पाहिलंय का? वर गावातली माणसं बोलतात कशी, तर कोल्हापूरच्या तालमीत वाढल्यासारखी. आणि शेवट काय? बाई विहिरीत, बाप्या झाडाला, आणि लेखक सत्काराला. मराठवाडा म्हटलं की ह्यांना मेलेलं माणूसच लागतं. इथं कुणी जगतच नाही का? लातूरला गल्लोगल्ली शिकवण्या लावून पोरं डॉक्टर होतायत, निलंग्याच्या बाया बचत गटाच्या मीटिंगीत एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवतात. त्याची कादंबरी कुणी का लिहीत नाही?

फोनवरच सांग म्हणतेस. फोनवर मला भांडता येत नाही. तू “हो हो आत्या” म्हणत तिकडं भाजी निवडत असतेस. कागदावर तुला माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तुझी धाकटी आत्या मजेत आहे. एकतीस जानेवारीला निवृत्त होणार. अडोतीस वर्षं अंगणवाडी! तिनं वजनाच्या काट्यावर टांगलेली पोरं आता स्वतःची पोरं टांगायला आणतात. गल्लीतल्या बायांनी सत्कार ठरवलाय. साडी कुठली नेसायची यावरून आमचं एक भांडण झालेलं आहे.

नवीन काही चांगलं आलं असेल तर धाड. चांगलं म्हणजे, ज्यात लेखकाला निदान मातीचा रंग ठाऊक आहे असं.

तुझी आत्या,
रुक्मिण

*

नांदेड,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मोठ्या आत्यास गीतांजलीचा सा. न.

तुझं पत्र कॉलेजात वाचलं आणि स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले.

सोबत एकच पुस्तक पाठवते. ‘वाहती ओटी’. आमच्या वडगावे सरांची नवी कादंबरी, दसऱ्याला आली. तू सरांना ओळखतेस, माझ्या विभागाचे प्रमुख, श्रीमंत वडगावे. महिन्याभरात दुसरी आवृत्ती निघाली आणि जानेवारीत इथल्या एका साहित्य मंडळाचा पुरस्कारही मिळणार आहे. सर आपल्या भागातलेच, त्यामुळे मातीचा रंग चुकणार नाही.

तुझं मत अगदी खरं सांग. पण आत्या, एक गोष्ट लक्षात घे. कादंबरीत सगळं जसंच्या तसं नसतं. लेखक कुठलं तरी एक टोक उचलतो आणि त्याचं वेगळंच काही विणतो. तू शिक्षिकेच्या नजरेनं न वाचता थोडी मोकळेपणी वाच.

मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. जूनमध्ये कायम जागा निघेल, सर शब्द टाकणार म्हणालेत.

धाकट्या आत्याला पुस्तक वाचायला देऊ नकोस. टाइप फार बारीक आहे, तिच्या डोळ्यांना त्रास होईल.

तुझी,
गीतांजली

*

अहमदपूर,
१ डिसेंबर २०२४

चि. गीतांजली हिस आशीर्वाद.

एकशेदहा पानं झाली. पुढचं वाचायच्या आधी एवढं लिहून टाकते, नाहीतर रात्रभर छातीत जळजळत राहील.

केशर नावाची पोर. अंबदपूरची. (अहमदपूर म्हणायला काय लाज वाटली?) दिलेली किनवटच्या जंगलाकडं. मी जरा सावरून बसले, आपली धाकटीही तिकडंच दिलेली होती ना. पण ही केशर वेगळीच निघाली. इतकी देखणी की वनरक्षक तिला बघून सायकलवरून पडतो. गीता, किनवटला दिलेली सून पहाटे उठून मोहाची फुलं वेचते, शेण काढते, पाणी भरते. तिच्याकडं बघून कुणी सायकलवरून पडायला तिला आधी तोंड धुवायला फुरसत मिळायला पाहिजे. मग दोघांचं सूत जमतं आणि ही आठ महिन्यांची लेक कडेवर घेऊन त्याच्यासाठी घर सोडते. महिना कुठला? चैत्र. लेखकानं दोनदा लिहिलंय, पळस फुललाय म्हणून. आणि दोन पानांनी ही रेल्वेच्या पुलावर उभी, खाली पैनगंगेला पूर!

चैत्रात पूर! चैत्रात पैनगंगेत पोरं क्रिकेट खेळतात. हा माणूस आपल्या भागातला? मी पानावर लाल पेनानं गोल केलाय. तुझं पुस्तक खराब झालं तर होऊ दे.

३ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं.

केशर पुलावरून लेकरू सोडून देते. पान एकशेछत्तीस. प्रियकराला लेकरू नको असतं म्हणून. नंतर तोही येत नाही, मग ही माहेरी येते. आणि पान एकशेएक्केचाळीसवर असं आहे: “अकरा दिवस ती कुणाशी बोलली नाही. बाराव्या दिवशी तिनं भाकरीसोबत कारळाची चटणी मागितली.”

गीता, हे त्याला कसं कळलं?

अकरा दिवस आणि कारळाची चटणी. ती चटणी मी कुटली होती. आई तर भाकरी थापण्याइतकीसुद्धा शुद्धीवर नव्हती. हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलंय. तुझा बाप गेला त्या साली तू महिनाभर इथं राहिलीस तेव्हा तुला.

लगेच उत्तर पाठव.

रुक्मिण आत्या

*

नांदेड,
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

तू उगाच मनाला लावून घेतेस. कारळाची चटणी आपल्याकडे घरोघरी असते. माहेरी परत आलेल्या मुली, गेलेली लेकरं, हे तर दर दुसऱ्या गावात आहे. लेखक अशा कितीतरी गोष्टी गोळा करतो आणि त्यातून एक पात्र उभं राहतं. केशर म्हणजे धाकटी आत्या नाही. तूच लिहिलंस, ती वेगळीच निघाली म्हणून. वनरक्षक, पूल, पूर, यातलं आपल्या घरात काय घडलंय?

पुराबद्दल तुझं बरोबर आहे, पण समीक्षकांनी त्याला प्रतीक म्हटलंय. आणि शेवटचा भाग तर सगळ्यांना फार आवडलाय, केशर अंगणवाडीत जाते तो.

परीक्षा तोंडावर आहेत. पुढच्या महिन्यात सविस्तर बोलू.

गीतांजली

*

अहमदपूर,
२० डिसेंबर २०२४

गीतांजली,

शेवटचा भाग आवडला म्हणे सगळ्यांना. मलाही पाठ झालाय. “ज्या हातांनी तिनं स्वतःचं लेकरू पाण्याला दिलं, त्याच हातांनी ती गावाच्या लेकरांना खिचडी वाढत होती.” हे वाक्य आता अहमदपुरात माझ्याशिवाय आणखी पन्नास जणांना पाठ आहे. का, ते ऐक.

वाचनालयात त्या पुस्तकाच्या तीन प्रती आल्या. ईश्वरप्पा, आपले ग्रंथपाल, परवा घरी आले. चहा घेईनात. म्हणाले, “बाई, लोक काहीबाही बोलून राहिलेत. मी तिन्ही प्रती कपाटात घालून कुलूप लावलंय.” मी म्हणाले, “काढा बाहेर. पुस्तक कुलपात घातलं की त्यातलं खोटंसुद्धा खरं ठरतं.” ते गेले आणि मी दार लावून रडले. चाळीस वर्षं मी पोरांना पुस्तकं वाचा म्हणून मारलंय गं.

किनवटला दिलेली, लेकरू गमावून परत आलेली, अंगणवाडीत लागलेली बाई ह्या गावात एकच आहे. नाव केशर ठेवलं तरी ती आपली कस्तुरा, हे लोकांना काय कळत नाही?

सोमवारी अंगणवाडीत एका नव्या सुनेनं धाकटीच्या हातातून आपल्या पोराचं ताट काढून घेतलं. “मावशी, ऱ्हाऊ द्या, मी भरवते.” नुसतं एवढंच. मंगळवारी तिघींनी तसंच केलं. बुधवारी सत्काराचा निरोप आला, पुढं ढकललाय म्हणून. कधीपर्यंत ते कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्यासमोर येऊन बसली. “अक्का, त्या पुस्तकात काय लिव्हलंय ते वाचून दाखव.”

“तू वाच की. चष्मा हाय ना.”

“न्हाई. तुझ्या तोंडून ऐकते.”

तीन संध्याकाळी मी वाचलं. तिसऱ्या दिवशी ते एकशेछत्तीसावं पान आलं तेव्हा मी दोन पानं मिळून उलटली. ती म्हणाली, “पान जाड वाजलं, अक्का. मधलं वाच.”

मग वाचलं. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर एकच बोलली, “हे त्याला कुणी सांगितलं?”

मी म्हणाले, ठाऊक नाही. तुझ्यासाठी मी माझ्या बहिणीशी खोटं बोलले. अजून किती दिवस बोलायचं ते तू सांग.

लेकरू सासरी आजारी होतं. ते वाचवायला ही घराबाहेर पडली होती, कुठल्या बाप्यासाठी नाही. लेकरू वाटेत गेलं. एवढं मी तुला सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की तेव्हा गावात चार वाईट तोंडांनी “हिनंच काही केलं असंल” म्हणून कुजबुज केली होती. तुझ्या आज्यानं त्यातल्या एकाला भर बाजारात चपलेनं मारलं, तेव्हा ती कुजबुज मेली. आता ती दोनशे चाळीस पानांची होऊन परत आलीय, वर पुठ्ठ्याचं कव्हर.

प्रतीक बितीक लिहू नकोस. खरं लिही.

रुक्मिण

*

नांदेड,
२८ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

मीच सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी सरांनी किनवटजवळ लेखन शिबिर घेतलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरातली, कधी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगायची. माझ्याआधीच्या मुलानं शेळीची काहीतरी गोष्ट सांगितली, कुणी ऐकतही नव्हतं. मी उठले आणि धाकट्या आत्याची सांगितली. सगळं खरं सांगितलं, आजारपण, वाट, अकरा दिवस, चटणी. मी थांबले तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं, आत्या. ते लपवून काय करू?

जेवताना सर शेजारी येऊन बसले. म्हणाले, “लेकरू नक्की आजारानंच गेलं का?” मी नुसतं हो म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, “गावात लोक तेव्हा वेगळंही बोलायचे, सर.” त्यांचे डोळे चमकले ते मला दिसलं. आणि मला वाटलं, आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो.

याहून वाईट पुढे आहे. या कादंबरीची मुद्रितं मी तपासली आहेत. एकशेछत्तीसावं पान मी छापून येण्याआधी चार महिने वाचलं होतं. ही धाकटी आत्याच, हे मला कळलं. मग मी त्या पानावरचे दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि पुढचं पान घेतलं. पूर चैत्रात आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. जूनमधली जागा डोळ्यांपुढे होती.

तुला पुस्तक पाठवलं ते तू ओळखतेस का बघायला. ओळखलं नाहीस तर मी सुटले, असा हिशोब होता.

तू म्हणशील ते करते. सरांकडे जाऊन बोलते.

गीतांजली

*

अहमदपूर,
२ जानेवारी २०२५

गीतांजली,

तुझं पत्र धाकटीला वाचून दाखवलं. ती उठून मोरीवर भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी होती.

ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेस म्हणे. ते मीच तुला शिकवले होते, ह्याच घरात, ह्याच पाटावर बसवून.

मला पत्र लिहू नकोस. पुस्तकंही धाडू नकोस.

रुक्मिण

*

नांदेड,
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. फोडायचं की नाही ते तू ठरव.

मी सरांच्या घरी गेले. त्यांनी बसायला सांगितलं, सरबत दिलं. मी म्हणाले, “सर, माझी आत्या जिवंत आहे. लोक तिच्या हातचं पोरांना खाऊ देत नाहीयेत.”

ते म्हणाले, “गीतांजली, कादंबरीत आत्या नसते. व्यक्तिरेखा असते. तुमच्या आत्याचं नाव केशर आहे का?”

“नाही.”

“तिनं लेकरू नदीत टाकलं होतं का?”

“नाही, सर! तेच तर सांगतेय.”

“मग ही तिची गोष्टच नाही. प्रश्न मिटला.” आणि हसले. “उलट लोकांना ती खरी वाटते, हे लेखनाचं यश आहे.”

मी म्हणाले, पुढच्या आवृत्तीत एक टीप तरी घाला. ते म्हणाले, टीप घातली की आपण कबूल केल्यासारखं होतं. मग दारापर्यंत सोडायला आले आणि जूनची आठवण करून दिली. आवाज अगदी मायेचा. त्या मायेनं माझं डोकं जास्त फिरलं.

रविवारी पुरस्काराचा कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सरांचा परिचय करून द्यायला माइकसमोर उभी राहिले, हातात टाइप केलेला कागद होता. तो खाली ठेवला आणि सांगितलं, “या कादंबरीतली बाई माझी सख्खी आत्या आहे. तिनं लेकरू पाण्यात सोडलेलं नाही. ती त्याला वाचवायला निघाली होती. खोटं माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि सरांनी ते छापलं. आणि चैत्रात पैनगंगेला पूर येत नाही.” कुणीतरी माइक बंद केला. शेवटचं वाक्य मी तशीच ओरडून बोलले. मागून एकजण “खाली उतर” म्हणाला, एका बाईनं टाळी वाजवली आणि एकटीच पडल्यावर थांबवली. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं. आत पुरस्कार झाला.

वर्तमानपत्रात “कार्यक्रमात किरकोळ गोंधळ” एवढंच आलं. सोमवारी कॉलेजात नव्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं.

मला त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार नाही. वाटतंय. पण पहिल्यांदाच मी खरं बोलले, आत्या. धाकट्या आत्याला एवढं सांगशील?

गीतांजली

*

अहमदपूर,
३ फेब्रुवारी २०२५

गीता,

अक्का लिहिणार न्हाई म्हणून मी लिहून राहिले. अंगणवाडीच्या रजिस्टराशिवाय मी कधी काही लिहिलं न्हाई, तवा अक्षराला हसू नको.

तुझं पत्र अक्कानं फोडलं न्हाई. मी फोडलं. दोनदा वाचलं. शाबासकीची वाट बघत असशील तर बघू नको. तू किनवटला माझं सांगितलंस ते मला न इचारता. आन् आता भरल्या सभेत सांगितलंस तेबी मला न इचारता. पहिल्यांदा तुला मान मिळाला, दुसऱ्यांदा हाकललं. तुला फरक असंल. मला काय फरक? माझं लेकरू दोन्ही वक्ताला तुझ्याच तोंडात.

अक्काबी तसलीच. मला न इचारता तुला सांगती, आन् वर तुझ्यावर रागावती. तिलाबी बोलले. दोन दिवस फुगून बसली. बसू दे.

कुणालाच सगळं ठाऊक न्हाई, गीता. अक्काला न्हाई, त्या मास्तरला न्हाई, तुला न्हाई. मी पंचेचाळीस वर्षं तोंड उघडलं न्हाई आन् म्हणून ज्याला जे वाटलं ते त्यानं भरलं. त्याचा राग आला मला. दुसऱ्यांचा आला तेवढाच माझाबी आला.

एकतीस तारखेला माझा शेवटचा दिवस होता. सत्कार न्हाई झाला. मी रोजच्यासारखी गेले. उमाबाईनं, माझ्या मदतनीसनं, खिचडी शिजवली. आया पोरं घेऊन आल्या आन् दारातच घुटमळायला लागल्या. मी म्हणाले, “आत या. बसा. ते पुस्तक कुणी कुणी वाचलंय?”

कुणी हात वर करंना.

“ऐकलं कुणी?”

सगळ्यांच्या माना खाली.

मग मी सांगितलं. लेकराला हगवण लागली होती. सासू म्हणाली, दात येऊन राहिलेत, थांबंल आपोआप. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, रडायचं थांबलं. मी पहाटं कुणाला न सांगता निघाले. किनवटहून रेल्वेनं नांदेडला आले. नांदेडला दवाखाना कुठं हाय ते मला ठाऊक न्हवतं. मला फक्त घर ठाऊक होतं. एकोणीस-वीस वर्षांची होते. अहमदपूरच्या गाडीत बसले. माझं बोट लेकीनं मुठीत धरलं होतं. लोह्याला गाडी थांबली तवा मूठ सुटली.

मला कळलं. पण कंडक्टरला कळलं तर तो मला तिथंच उतरवील, असं वाटलं. अनोळखी गावात तिला घेऊन मी काय करणार होते? म्हणून पदर घातला आन् बसून राहिले. शेजारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, “लेकरू लई गाढ झोपलंय गं बाई.”

मी म्हणाले, “हाव.”

पुढं अहमदपूर येईस्तोर ती बाई घरच्या गोष्टी सांगत राहिली आन् मी हाव हाव म्हणत राहिले. अकरा दिवस मी बोलले न्हाई ते त्याच्यासाठी. तोंड उघडलं की ‘हाव’ येईल असं वाटायचं.

एवढं सांगून मी थांबले. जिनं पहिल्यांदा ताट काढून घेतलं होतं ती सून रडायला लागली. मला तिचा असा राग आला! मी म्हणाले, “रडायचं तर घरी जाऊन रड. आधी सांग, पोराला हगवण लागली तर पाणी कसं करायचं?”

ती हुंदके देत म्हणाली, “एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.”

“मीठ जास्त झालं तर?”

“फेकून द्यायचं, मावशी. पुन्हा करायचं.”

“दवाखान्यात कधी न्यायचं?”

सगळ्या एकदम बोलल्या. एकीचंबी चुकलं न्हाई. अडोतीस वर्षं मी हर एक आईला हेच इचारत आले. त्या मला चेष्टेनं साखर-मिठाची मावशी म्हणायच्या. का इचारायची ते त्यांना त्या दिवशी कळलं. मग मी खिचडी वाढली. सगळ्यांनी घेतली. मी उभी राहून बघत होते, कोण ताट मागं घेतंय. कुणी घेतलं न्हाई. घेतलं असतं तर सोडलं नसतं मी.

त्या मास्तरला अक्कानं एक पत्र लिहिलंय, चार पानी, लाल पेनानं. मी खाली सही केली. त्यात मी एकच वाक्य घातलं: मास्तर, तुम्ही अहमदपूरला या, अंगणवाडीत मांडी घालून बसा आन् मग सांगा मी कोण ते. येणार न्हाईत. पण ईश्वरप्पानं त्या पत्राची नक्कल काढून वाचनालयातल्या तिन्ही पुस्तकांत पहिल्या पानाला चिकटवली. मला इचारून.

तुझी नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं. दुसरी बघ. महाशिवरात्रीला ये. अक्का बोलणार न्हाई, पण साबुदाणा वाढील. माझा राग गेलेला न्हाई आन् कधी जाईल ते मला ठाऊक न्हाई. तू त्या रागाशेजारी बसून जेव.

हे पत्र वाचून फाडून टाक म्हणणार होते. नगं, ठेव. पण कुणाला दाखवायचं झालं, कुठं सांगायचं झालं, लिहायचं झालं, तर आधी मला इचार. मी जित्ती हाय.

तुझी धाकटी आत्या,
कस्तुराबाई